श्रावणातले पापड

दादा,

वाचनालयाची मंडळी तुझ्यावर अंक काढत आहेत. परवा चिटणीस आले आणि मला मुद्द्यांचा कागद देऊन गेले. जन्म, शिक्षण, सनद, कौन्सिलातली वर्षं, नगरपालिकेचं अध्यक्षपद, नळयोजना, सरकारी वकिलीचा राजीनामा, बावन्नची निवडणूक. जाताना म्हणाले, बहीण या नात्याने चार घरगुती आठवणी द्या, म्हणजे अंकाला ओलावा येईल. मी त्यांना चहा दिला आणि ते गेल्यावर पेन्सिल घेऊन बसले. जन्म आणि शिक्षण गोविंदराव लिहितील. तीस वर्षं तुझे कारकून होते, सगळे दाखले त्यांच्याकडेच आहेत. नळयोजनेवर लिहायला निम्मं ठाणं तयार आहे. राजीनाम्यापुढे मात्र चिटणिसांनी स्वतःच प्रश्नचिन्ह टाकलं आहे, आणि ते लिहायला कोणाचं नाव नाही.

ते मी लिहिते. तुला आवडणार नाही. पण आता तुला हरकत घेता येत नाही, आणि हे वाक्य लिहून झाल्यावर मला उठून आत जावं लागलं.

तुझ्याकडे आले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. कपाळ पांढरं, पुढे काय ते ठाऊक नाही. वहिनी आदल्या वर्षी गेली होती. तूही कोणाशी बोलत नव्हतास. तिसऱ्या दिवशी तू माझ्यापुढे तारखांची वही टाकलीस आणि म्हणालास, "कुसुम, यात दोन दावे एकाच दिवशी एकाच वेळी लावून ठेवलेत. गोविंदराव भला माणूस आहे, पण त्याला आठवडा सहा दिवसांचा वाटतो." मी ती वही रात्रीपर्यंत नीट करून दिली. माझं पुनर्वसन करतो आहेस असं तू एका शब्दाने दाखवलं नाहीस. तेव्हापासून सव्वीस वर्षं ती वही माझ्या हातात आहे. आजही आहे.

साक्षीदाराची खुर्ची त्यानंतर महिनाभराने आली. ती वकिलीत कोणी शिकवत नाही, ती तुझीच पद्धत. मोठा खटला असला की आदल्या संध्याकाळी ओटीवरच्या त्या डावा हात मोडलेल्या खुर्चीत तू मला बसवायचास. समोरच्या बाजूच्या साक्षीदाराचं नाव, गाव, धंदा, जबाब मला वाचायला द्यायचास, आणि मग उभा राहून माझी उलटतपासणी घ्यायचास. मी मिठागराचा मुकादम झाले, खाडीवरचा नावाडी झाले, कल्याणचा लाकडाचा व्यापारी झाले. नावाडी झाले तेव्हा तू मला भरतीची वेळ विचारलीस आणि मी ठासून चुकीची सांगितली. गोविंदराव हसून हसून खाली बसले. "तुझ्याएवढा खोटारडा साक्षीदार साऱ्या जिल्ह्यात मिळायचा नाही," असं तू म्हणायचास, आणि मला ती पदवी वाटायची. विधवेला त्या काळात दुसरं कोण काय विचारत होतं? तू मात्र तासभर मला प्रश्न विचारायचास आणि माझ्या प्रत्येक उत्तराकडे कान देऊन ऐकायचास.

खुर्चीचा नियम तूच घालून दिला होतास. विचारलं तेवढंच सांगायचं, आणि सांगून झालं की गप्प बसायचं. जो साक्षीदार न विचारलेलं बोलतो तो मरतो, असं तू म्हणायचास.

मी तो नियम एकदा मोडला. मेलं दुसरंच कोणी.

बेचाळीसचा श्रावण. कल्याणच्या बाजूला तारा तुटल्या होत्या आणि धरपकड चालू होती. तू सरकारी वकील. तुझ्याकडे आलेल्या खटल्यात पाच आरोपी होते. त्यांतला चौथा डोंबिवलीचा माधव, वय वीस, आई-वडील नाहीत, आत्याने वाढवलेला. त्याचं म्हणणं असं होतं की तारा तुटल्या त्या दिवशी तो सकाळपासून घरीच होता. साक्षीला त्याची आत्या द्वारकाबाई होती आणि शेजारच्या दोन बायका. तिघींचं म्हणणं एकच. घरात उडदाचे पापड चालले होते, माधव लाट्या करून देत होता, दिवेलागणीपर्यंत तो जागचा हलला नाही.

तू म्हणालास, या तिघी पक्क्या आहेत, कुठूनही धरलं तरी सुटतील. मला खुर्चीत बसवलंस. मी द्वारकाबाई झाले.

सुरुवात चांगली झाली. माधव कुठे होता, घरी. काय करत होता, लाट्या करत होता. किती पापड झाले, पाचशे. तू वेगवेगळ्या बाजूंनी येत होतास आणि मी सुटत होते. मग तू विचारलंस, "पापड मग ठेवले कुठे?" आणि मी द्वारकाबाई राहिलेच नाही. मला हसू आलं.

"दादा, हे मला म्हणवत नाही," मी म्हटलं. "श्रावणात पापड कोण घालतं? ऊन कुठे आहे? दोन दिवसांत बुरशी येईल. हे कोणीतरी पुरुषाने बसून रचलंय."

तू क्षणभर माझ्याकडे पाहिलंस. मग तूही हसलास. अगदी मोकळं, लहानपणी हसायचास तसं. वहिनी गेल्यापासून तू इतका हसलेला मी पाहिला नव्हता, आणि आपण तुला हसवलं याचा मला अभिमान वाटला. त्या संध्याकाळी मी शिरा केला. हे मी विसरले असते तर बरं झालं असतं, पण माझ्या घरखर्चाच्या वहीत आहे: रवा अर्धा शेर, वेलची.

कोर्टात काय झालं ते गोविंदरावांनी येऊन सांगितलं. तू द्वारकाबाईंना फक्त पाच-सहा प्रश्न विचारलेस. पापड किती, कशाचे, वाळत कुठे घातले. त्या म्हणाल्या, अंगणात. तू खिडकीकडे नुसतं पाहिलंस. बाहेर धो धो पाऊस कोसळत होता. त्या दिवशी ऊन होतं का, बाई? कोर्टात हसू पिकलं. शेजारच्या दोघींना मग बोलवण्याचीही गरज उरली नाही. एक गोष्ट खोटी निघाली म्हणजे सगळीच खोटी, असा निकाल. माधवला दोन वर्षं झाली.

गोविंदराव तुझी नक्कल करून दाखवत होते, खिडकीकडे कसं पाहिलंस त्याची. मीही हसले. तू कोट काढत होतास. तू हसला नाहीस, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं, की नंतरचं सगळं कळल्यावर मी ते मागे नेऊन चिकटवलं, मला आज सांगता येत नाही. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं, हेही तूच शिकवलंस.

माधव शिक्षा भोगून आला तो खोकला घेऊन आला. पुढे वारं फिरलं, बेचाळीसच्या लोकांचे सत्कार सुरू झाले. कल्याणला अशाच एका सभेत त्या पाचही जणांना बोलावलं होतं. चौघांनी हार घेतले. माधव काठीच्या आधाराने उभा राहिला आणि म्हणाला, मला हार घालू नका, मी त्या दिवशी तापाने अंथरुणात होतो, तार कशी दिसते तेही मी पाहिलेलं नाही. हार घालून घेतला असता तर कोणाला कळणार होतं, दादा? चार माणसं तुरुंगात गेल्याचं भांडवल करत होती आणि हा पोरगा आपला तुरुंगवास परत करत होता.

बातमी दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर होती, चार ओळी. तू वाचलीस, वर्तमानपत्र माझ्या ताटाशेजारी घडी घालून ठेवलंस, बोट त्या ओळींवर टेकवलंस आणि चहा अर्धा टाकून उठलास. मी वाचेपर्यंत तू जोडे घालून बाहेर पडला होतास. परत आलास संध्याकाळी. कुठे गेला होतास ते सांगितलं नाहीस. त्या आठवड्यात सरकारी वकिलीचा राजीनामा दिलास, आणि गाव म्हणालं, कोल्हा बरोबर वेळेवर उडी मारतो. ते तुझ्या कानावर आलं. मी म्हटलं, खुलासा कर. तू म्हणालास, कशाचा.

आणि खुर्ची ओटीवरून हलली. कोणी हलवली ते मी पाहिलं नाही. एके दिवशी ती माडीवर अडगळीत होती. खरं तर त्या खटल्यानंतर तू मला तिच्यात बसवलंच नव्हतंस. आधी मला वाटायचं, तसा खटला आला नसेल. खुर्ची वर गेली तेव्हा समजलं. पुढच्या दहा वर्षांत तू साक्षी एकट्याने तयार केल्यास, ओटीवर येरझाऱ्या घालत, स्वतःच विचारत आणि स्वतःच उत्तर देत. आतून मला तुझी पावलं ऐकू यायची. मी तारखा लिहायचे, पक्षकारांना पत्रं धाडायचे, गोविंदरावांच्या चुका काढायचे. मला वाटायचं, तू मला क्षमा केलेली नाहीस. मी तोंड उघडलं नसतं तर तो मुलगा वाचला असता, हा हिशेब तू मनात करून ठेवला आहेस आणि सभ्यपणाने बोलत नाहीस. मी विचारलं नाही. तू विचारलं नाहीस म्हणून मी सांगितलं नाही. आपण दोघेही फार चांगले साक्षीदार होतो.

माधव त्याच वर्षी गेला. तेही वर्तमानपत्रातूनच कळलं.

पुढच्या उन्हाळ्यापासून वहीत एक नोंद येऊ लागली. वैशाखातले एकामागोमाग दोन-तीन रविवार: "डोंबिवली, खासगी." दर वर्षी. तू मला लिहायला सांगायचास आणि मी लिहायचे. पत्ता नाही, पक्षकाराचं नाव नाही. सकाळच्या गाडीने जायचास, उन्हं उतरल्यावर यायचास. चेहरा आणि मान भाजून लाल झालेली, कोटाला हिंगाचा वास. आता लपवण्यात अर्थ नाही, तेव्हा सांगते: मला वाटलं होतं की तिथे तुझं कोणी बाईमाणूस आहे. गोविंदरावांनाही वाटलं असावं, कारण त्या रविवारांचा विषय निघाला की ते विड्याचं पान लावायला बसायचे. मी मनाशी म्हणायचे, असू दे, त्याला एकट्याला किती दिवस काढायला लावायचे. पण मग ती बाई इतकं हिंग घालून काय शिजवते, आणि दादाला उन्हात का बसवते? एवढं मला कधी सुटलं नाही. आणि मी स्वतःला हुशार म्हणवते.

बावन्नच्या निवडणुकीला तू उभा राहिलास तेव्हा मी विरोध केला होता. पक्ष नाही, वय झालेलं, आणि तुझ्या मागे ते जुनं सरकारी वकीलपण. तू म्हणालास, "कुसुम, मी इंग्रजाच्या कौन्सिलात बसलो ते मूठभर घरपट्टीवाल्यांच्या मतांनी. एकदा सगळ्यांनी मत दिलेलं मला पाहायचंय, मग माझ्याविरुद्ध का देईनात." मग मी याद्या केल्या. वाड्यावाड्यांच्या, कोणाकडे कोणी जायचं त्याच्या, सभांच्या, सतरंज्यांच्या. कल्याणच्या सभेसाठी तुला एक कागदही लिहून दिला, कोणी त्या खटल्याचं काढलंच तर वाचायला. चार वाक्यं होती. न्यायालयाने पुराव्यावरून निकाल दिला, मी माझं नेमून दिलेलं काम केलं, झाल्या गोष्टीचं दुःख आहे, आता पुढे पाहू. चांगला कागद होता. आजही तो मला चांगला वाटतो.

मैदान भरलं होतं. मी बायकांत बसले होते. तुझं भाषण संपत आलं तेव्हा मागून एक तरुण उठला आणि शांतपणे म्हणाला, "वकीलसाहेब, डोंबिवलीच्या माधवला तुरुंगात कोणी घातलं?"

तू खिशातून माझा कागद काढलास. चष्मा लावलास. मनातल्या मनात वाचलास, घडी घातलीस, परत खिशात ठेवलास.

"मी घातलं," तू म्हणालास. "तो मुलगा निर्दोष होता. त्याची आत्या खरं बोलत होती, फक्त पापडांचं सोडून. मी पापड धरून बसलो आणि बाकीचं खरं सोडून दिलं."

आणि खाली बसलास. टाळी नाही, हुर्यो नाही. मागच्या लोकांनी सतरंज्या झटकायला सुरुवात केली.

परतताना मोटारीत मी फार बोलले. तेव्हाही मला माझा आवाज ऐकू येत होता, पण थांबवत नव्हता. मी म्हटलं, एवढं सगळं सांगायची काय गरज होती? तू म्हणालास, त्याने विचारलं. मी म्हटलं, त्याने मतं मागायला आलेल्या माणसाला विचारलं, साक्षीदाराला नाही. तू म्हणालास, मला वेगळं ऐकू आलं. गोविंदराव पुढे ड्रायव्हरशेजारी बसून कळव्याची खाडी पाहत होते, जणू पहिल्यांदाच पाहत आहेत. मग मी म्हटलं, "बोलायचंच होतं तर सगळंच बोलायचं होतंस."

दहा वर्षांत त्या गोष्टीच्या इतक्या जवळ मी कधी गेले नव्हते. तू बाहेर पाहत राहिलास. ठाण्याचे दिवे दिसायला लागले तेव्हा म्हणालास, "तेवढंच विचारलं होतं."

ते वाक्य मी चार वर्षं चुकीचं वाचलं. मला वाटलं, तू मला टोचतो आहेस. न विचारलेलं बोलणारी तू, कुसुम, मी नाही. घरी येऊन मी जेवले नाही. तू पडलास, चांगल्या मतांनी पडलास, आणि आपण त्या मोटारीतल्या भांडणाचं पुढचं पान कधी उलटलं नाही.

आता हा चैत्र. मंगळवारी तू मला वही मागितलीस. छातीत दुखत होतं ते सांगितलं नाहीस. येता रविवार लिही म्हणालास, यंदा ऊन लवकर तापलंय. मी लिहिलं. डोंबिवली, खासगी. गुरुवारी सकाळी तू दाढीचं पाणी मागितलंस. मी ते घेऊन आले तेव्हा तू खुर्चीत होतास, आणि नव्हतास.

मी काय केलं सांगू? पाणी गार होऊ नये म्हणून भांड्यावर झाकण ठेवलं. मग डॉक्टरांना बोलावलं.

लोक आले, माणसं रडली, चुलतभावाने अग्नी दिला. पुढचे दिवस मी कामात काढले, कारण मला दुसरं काही येत नाही. वहीत पुढच्या दोन महिन्यांच्या तारखा होत्या. प्रत्येक पक्षकाराला कार्ड टाकलं, कागद कोणाकडे सोपवले ते कळवलं, आणि उत्तर आलं की ती ओळ खोडली. सगळ्या ओळी खोडून झाल्या. एकच राहिली. तिला पत्ता नव्हता. तो रविवार येऊन गेला, पुढचा रविवारही येऊन गेला, आणि ती ओळ तशीच. कोणीतरी तुझी वाट पाहिली असणार, आणि ते कोण हे मला ठाऊक नव्हतं. रडू मला त्यावर आलं, दादा. चितेवर नाही आलं.

चौदाव्या दिवशी दुपारी एक म्हातारी बाई आली. काठीसारखी सडपातळ, सुती लुगडं, हातात पुरुषी काळी छत्री. ओटीवर उभी राहिली. म्हणाली, मी डोंबिवलीची द्वारका.

मी तिला बसा म्हणाले की नाही, आठवत नाही. ती बसली. छत्री तुझ्या रिकाम्या खुर्चीवर आडवी ठेवली.

"दादासाहेबांची आहे," म्हणाली. "गेल्या साली ठेवून गेले होते. म्हणाले, पुढल्या वर्षी ओझं कशाला आणू. दोन रविवार वाट पाहिली. मग शेजारच्यांनी वर्तमानपत्रातलं वाचून दाखवलं."

मग तिने सांगितलं. माधव गेल्यावर ती पापड विकून पोट भरते. माधव असतानाच तू एकदा तिच्या दारात गेला होतास, त्या अर्ध्या चहाच्या दिवशी, आणि तिने दार लावून घेतलं होतं. पुढल्या वैशाखात पुन्हा गेलास. अंगणात पापड घातले होते आणि ती तापाने फणफणली होती. तू छत्री उघडलीस, एका दगडावर बसलास आणि दिवसभर कावळे हाकलत राहिलास. मग दर वर्षी. ती तुला पाणी द्यायची. चहा चौथ्या वर्षी दिला. क्षमेचं तू कधी काढलं नाहीस, असं तिने सांगितलं, आणि तिनेही नाही.

"एवढंच विचारलं होतं मी त्यांना," ती म्हणाली. "पुरुषमाणसाला हे सुचलं कसं? आमचा वकीलही पुरुषच होता, त्याला नाही कळलं. त्याला मी सांगत होते, पोराला ताप होता, तेच सांगते. तो म्हणाला, तापाला साक्षीदार कुठून आणणार? चार बायका एकत्र बसतील असं काहीतरी काम सांगा. मला तरी कळायला नको होतं का? जन्मभर पापड लाटले मी. पण पोर आत होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं."

"दादा काय म्हणाला?"

"म्हणाले, आमच्याकडे लहानपणी पापडांची राखण माझ्याकडे असायची, म्हणून कळलं." मग म्हणाली, "पण बाई, त्यांना काठी धरता येत नव्हती. कावळे त्यांच्या पायाशी येऊन बसायचे. एकदा तर छत्रीवर बसला. मी तेव्हाच ओळखलं, हा माणूस जन्मात पापडांजवळ बसलेला नाही. मी त्यांना तसं म्हटलं नाही. पण मग त्यांना सांगितलं कोणी, हे मनात राहिलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. आरोप नव्हता, नुसता प्रश्न होता. चौदा वर्षांत तो प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. तो तू कोणाला विचारू दिला नव्हतास. खुर्ची माडीवर नेलीस ती मला शिक्षा म्हणून, की तिच्यात बसलेली बाई कोणाला दिसू नये म्हणून? मोटारीत "तेवढंच विचारलं होतं" म्हणालास, ते मला टोचायला, की मला वाचवायला? तेव्हा विचारलं असतं तर तू उत्तर दिलं असतंस. विचारलेल्याचं उत्तर तू कधी टाळलं नाहीस.

"मी," मी म्हटलं.

आणि गप्प बसले.

ती माझ्या हाताकडे पाहत होती. मग गुडघ्यांवर हात टेकून उठली. मी पाण्याचा पेला पुढे केला, तो तिने घेतला नाही. खुर्चीवरची छत्री उचलली, काखेत मारली आणि पायऱ्या उतरून गेली. रस्त्यापर्यंत मी तिच्या मागे गेले. वळणावर तिने छत्री उघडली, आणि तुझी ती पुढची मोडकी काडी उन्हात लोंबताना दिसली.

तुझी वस्तू माझ्याकडे ठेवायची नाही म्हणून तिने ती परत नेली, की अजून कोणी येईल म्हणून, ते मला माहीत नाही. म्हणून माहीत नाही असंच लिहिते.

चिटणिसांच्या कागदावर राजीनाम्यापुढचं प्रश्नचिन्ह मी खोडलं आहे. या लेखातलं काही कमी करायचं असेल तर त्यांनी शिरा कमी करावा, बाकी जसंच्या तसं छापावं. गोविंदरावांकडून डोंबिवलीला चौकशी करवली. घर विहिरीच्या अलीकडे आहे, कौलारू, पुढे अंगण. वहीतल्या त्या ओळीपुढे पत्ता घातला आणि तारीख बदलून येता रविवार केला.

दार उघडेल असं नाही. तुलाही तिने पहिल्यांदा उघडलं नव्हतं. पण अंगणाला दार नसतं, आणि काठी मला धरता येते, दादा. आपल्याकडे पापडांची राखण माझ्याकडे असायची. तू आत पुस्तक वाचत बसायचास.